गुडघ्यातील प्रथिने आणि उतारवय

भीमाकाठच्या मांडवगण फराटा परिसरात उसाची शेती मोठी आहे. लागण, खुरपणी ही कामे वाकून किंवा उकिडवे बसून करावी लागतात. उतारवयात गुडघे दुखू लागले की ‘वंगण संपले’ असे म्हटले जाते. ही समजूत अपुरी आहे. मूळ बदल वंगणापेक्षा प्रथिनांत होतो.

गुडघ्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. तिचा दोनतृतीयांश किंवा त्याहून अधिक भाग पाण्याचा असतो. कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू तिला बाजेच्या विणीप्रमाणे ताण देतात, तर अ‍ॅग्रिकॅन हे प्रथिन त्या विणीत पाणी धरून ठेवते. कोलॅजेनचा रेणू तीन पदरी दोरासारखा असतो, हे मद्रास येथे जी. एन. रामचंद्रन व गोपीनाथ कर्था यांनी 1954 मध्ये दाखविले. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. पाऊल टेकताच पाणी दाबले जाते, उचलताच परत येते व त्याबरोबर पोषण मिळते. म्हणूनच दुखणाऱ्या गुडघ्याला अंथरुणावर पूर्ण विश्रांती देणे बहुधा हिताचे नसते.

त्वचेतील कोलॅजेन हळूहळू बदलत राहते. कूर्चेतील मात्र प्रौढपणी जवळजवळ नव्याने तयार होत नाही. विशीतले तंतूच सत्तरीत भार वाहतात. दरम्यान रक्तातील साखर त्यांना चिकटून तंतूंमध्ये आडवे सांधे निर्माण होतात. कूर्चा पिवळसर, ताठर व ठिसूळ बनते. अ‍ॅग्रिकॅनचेही तुकडे पडतात आणि पाणी धरण्याची शक्ती घटते. अस्थिबंधांची लवचिकताही कमी होते. हे वार्धक्य झाले, रोग नव्हे. परंतु जुनी दुखापत वा वाढलेले वजन यांची भर पडली की झीज रोगाचे रूप घेते.

याच जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी 1996 पासून संधिविकारांची पाहणी केली. प्रौढांपैकी सुमारे 18 टक्क्यांना सांधे-स्नायूंच्या तक्रारी आढळल्या. सुमारे 6 टक्क्यांना सांध्यांच्या झिजेचा विकार होता.

झिजलेली कूर्चा औषधाने परत येत नाही. मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि वजनावर ताबा हे उपाय सिद्ध झालेले आहेत. एक किलो वजन घटल्यास प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. वारंवार घेतलेली स्टेरॉइडची इंजेक्शने मात्र कूर्चेस अपायकारक ठरू शकतात. सकाळी दीर्घकाळ राहणारा आखडलेपणा, सूज वा ताप असल्यास दुखणे निराळे असू शकते. तेथे आरोग्य केंद्रात तपासणी हवीच.

पासष्ट वर्षे पूर्ण झालेल्या पात्र ज्येष्ठांना साहाय्यक साधनांसाठी 3,000 रुपये देणारी मुख्यमंत्री वयोश्री योजना 2024 मध्ये सुरू झाली. तीत गुडघ्याचा पट्टा, काठी व कमोड खुर्ची यांचा समावेश आहे.