फडाचे पाणी

सह्याद्रीत उगम पावणारी पांझरा नदी धुळे शहरावरून वाहत जाऊन तापीस मिळते. पावसाळ्यात ती दुथडी वाहते. उन्हाळ्यात मात्र तिचे पात्र रोडावते. अशा नदीच्या भरवशावर गावाने पोटापुरते कसे पिकवावे? येथील शेतकऱ्यांनी सुमारे तीनशे वर्षांपूर्वी शोधलेल्या उत्तरास फड पद्धत म्हणतात.

नदीवर दगडी बंधारा बांधून पाणी पाटाने शिवारात आणीत. शिवाराचे बहुधा तीन-चार भाग पाडीत, हेच फड. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, असा दंडक असे. एकात ऊस, तर दुसऱ्यात गव्हासारखे धान्य. पुढील वर्षी पिके बदलत. त्यामुळे जमिनीचा कस टिके.

या व्यवस्थेचे खरे मर्म निराळेच आहे. एकेका शेतकऱ्याची थोडीथोडी जमीन निरनिराळ्या फडांत असे. पाणी कमी पडेलसे दिसले, की गावकरी एकत्र बसून एखादा फड कोरडा ठेवण्याचे ठरवीत. मग झळ लागे ती सर्वांनाच. एकाचा मळा हिरवा आणि शेजाऱ्याचा करपलेला, असे सहसा होत नसे. पाणी द्यावयाचे ते पाटकऱ्याने. मालकाने स्वतः पाट फोडावयाचा नाही, मग तो केवढाही बडा असो! पाटकऱ्यास मोबदला धान्याच्या रूपाने मिळे.

पुढे नदीच्या वरच्या अंगास धरणे झाली, शिवारात विहिरी वाढल्या आणि अनेक फड मोडले. काही गावांत मात्र पाट अजून वाहतो, आणि त्यातील गाळ काढण्यास शेतकरी एकत्र जमतात.