रापणीचा किनारा

पुण्याहून कोल्हापूरमार्गे गगनबावड्याला जाऊन करूळचा घाट उतरू लागले, की थोड्याच वेळात भूमीचे रूप पालटते. देशावरची काळी माती मागे राहते आणि तांबड्या जांभ्या दगडाचे सडे, माड-पोफळीच्या बागा व कौलारू घरे दिसू लागतात. हाच सिंधुदुर्ग जिल्हा होय. पूर्वी तो रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग होता. १ मे १९८१ रोजी तो वेगळा करण्यात आला. पूर्वेस सह्याद्री, पश्चिमेस अरबी समुद्र आणि दक्षिणेस गोवा, अशा चिंचोळ्या पट्ट्यात हा जिल्हा वसला आहे. त्याचा समुद्रकिनारा सुमारे १२१ किलोमीटर लांब आहे.

जिल्ह्याला ज्या किल्ल्याचे नाव मिळाले, तो किल्ला मालवणसमोर भर समुद्रात उभा आहे. त्या काळी जंजिऱ्याच्या सिद्दीचा उपद्रव चालूच होता. गोव्यात पोर्तुगीज होते आणि वेंगुर्ल्याला डच लोकांची वखार होती. समुद्रावर सत्ता नसेल तर किनाऱ्यावरची रयत सुरक्षित राहू शकत नाही, हे शिवाजी महाराजांनी ओळखले. त्यांनी कुरटे नावाचे खडकाळ बेट निवडले आणि २५ नोव्हेंबर १६६४ रोजी किल्ल्याचा पाया घातला. सुमारे तीन वर्षांत काम पुरे झाले. छत्रपती राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वराचे मंदिर या किल्ल्यात आहे. सभोवार खारे पाणी असूनही आतल्या दूधबाव, दहीबाव व साखरबाव या तीन विहिरींना गोडे पाणी लागते. 'बाव' म्हणजे विहीर. किती सुंदर नावे ही!

या भागात पाऊस वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पडतो. पुण्यात राहणाऱ्यांना अशा पावसाची सहसा कल्पना येत नाही. मृगापूर्वी घरोघरी आगोटीची तयारी चालते. आगोट म्हणजे पावसाळ्यासाठी करून ठेवावयाचा साठा. लाकूडफाटा, सुकी मासळी, तांदूळ, कोकमे, सारे काही त्यात येते. किल्ल्यात आजही काही कुटुंबे राहतात. खवळलेल्या समुद्रामुळे प्रवासी होड्या बंद पडतात, तेव्हा या घरांना आगोटीचा केवढा आधार वाटत असेल!

परंतु या किनाऱ्याची खरी ओळख पटवून घ्यावयाची असेल, तर रापण पाहावी. रापण हे एका लांबलचक जाळ्याचे नाव आहे आणि ते ओढण्याच्या रीतीचेही. पहाटे जाळ्याच्या एका टोकाचा दोर किनाऱ्यावरच्या माणसांच्या हाती देऊन होडी समुद्रात शिरते. जाळे सोडीत सोडीत ती अर्धवर्तुळ घेते आणि दुसऱ्या टोकाचा दोर घेऊन पुन्हा किनाऱ्याला लागते. मग दोन्ही दोरांवर माणसांच्या रांगा लागतात. पाय वाळूत रोवून, एका सुरात हाका घालीत, ती माणसे जाळे ओढू लागतात. दोन्ही रांगा हळूहळू जवळ येतात. जाळे आखडत जाते, आणि शेवटी त्याच्या पोटात तारली, बांगडे, पेडवे यांची रुपेरी तडफड दिसू लागते. वर घारी व पाणपक्षी घिरट्या घालीत असतात.

हे काम एकट्यादुकट्याचे नव्हेच. जाळे अनेक घरांचे मिळून असते. मासळीचे वाटे होतात. ओढणाऱ्यांचा वाटा असतो, तसा होडीचा आणि जाळ्याचाही असतो. सहज आलेल्या माणसाने दोराला हात लावला, तरी त्याला रिकाम्या हातांनी पाठवीत नाहीत. गाबीत, ख्रिस्ती, दालदी असे निरनिराळ्या समाजांचे लोक या किनाऱ्यावर मासेमारी करीत आले आहेत.

रापणीचे एक वैशिष्ट्य ध्यानात घ्या. ती माशांच्या मागे जात नाही, मासे किनाऱ्याजवळ येण्याची वाट पाहते. यांत्रिक नौका आल्या आणि इथेच अडचण उत्पन्न झाली. ट्रॉलरची जाळी समुद्राचा तळ खरवडून पिल्लांसकट सारे उचलतात. पर्ससीन जाळे तर खोल पाण्यातच माशांच्या संपूर्ण थव्याला वेढा घालते. थवा तिथेच अडला, तर रापणकरांनी काय ओढावे? शेजारच्या गोव्यात १९७० नंतरच्या दशकात माथानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली रापणकारांनी याच कारणासाठी मोठे आंदोलन केले. महाराष्ट्रात १९८१ साली सागरी मासेमारीच्या नियमनाचा कायदा झाला. २०१६ साली राज्य शासनाने पर्ससीन जाळ्यांवर कडक निर्बंध घातले, आणि २०१७ साली केंद्र शासनाने प्रखर विजेच्या दिव्यांनी मासे गोळा करून पकडण्यास मनाई केली. तरीही तंटे मिटलेले नाहीत.

यंत्राला सरसकट दोष देणे मात्र योग्य ठरणार नाही. कर्ज काढून यांत्रिक नौका घेणारा माणूसही पुष्कळदा त्याच किनाऱ्यावरचा असतो, आणि त्याच्याही घरी खाणारी तोंडे असतात. समुद्राला शेतासारखा बांध घालता येत नाही. म्हणून कोणी कोठे, केव्हा व किती मासे धरावेत, हे सर्वांनी मिळून ठरवावे लागते. ते ठरविणे सोपे नाही.

माशांच्या प्रजननासाठी राज्यात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. जुन्या लोकांना असा कायदा करावा लागला नव्हता, कारण पावसाळ्यात ते आपणहून होड्या ओढून किनाऱ्यावर ठेवीत आणि जाळी दुरुस्त करीत बसत. नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरावर मोठी गर्दी लोटते, समुद्राला नारळ अर्पण होतो, आणि त्यानंतर पाणी निवळू लागले की झापाच्या मांडवांतून रापणीची जाळी पुन्हा बाहेर निघतात.