सांगितलेला भाव, झालेला भाव

लेकरा, परवा फोनवर म्हणालास, "काका, एखादं चांगलं घर असलं तर सांगा." घर सांगणारे तुला चौकाचौकात भेटतील, भाव खरा सांगणारा भेटायची मारामार. आयुष्यभर नांदेडच्या रजिस्ट्री कचेरीसमोर टेबल टाकून मी दस्त लिहिले. सौदा ठरला की लोक माझ्यासमोर येऊन बसत. त्यातले बरेच जण आदल्या रविवारी घर बघून आलेले असत आणि बुधवारी इसार देऊन मोकळे झालेले असत. चपला घेताना आपण चार दुकानं फिरतो, इथं मात्र जन्माची कमाई एका बैठकीत. तुझी नोकरी लातूरला, सूनबाईचं माहेर नांदेडला, गाव कुठलं ते तुमचं तुम्ही ठरवा. पण जिथं घ्याल तिथला बाजार आधी वर्षभर बघा. कसा बघायचा, तेवढं लिहून देतो.

वही घाल

शंभर पानी वही घे. मोबाईलमध्ये लिहिलंस तरी चालेल, पण लिही. घर घ्यायचंच नाही असं समजून दोन-तीन वस्त्या धर. नांदेडला तरोडा, मालेगाव रोड, भाग्यनगर. नदीपलीकडं नवीन कौठा, सिडको, असर्जन. लातूरला औसा रोड, अंबाजोगाई रोड, बार्शी रोड. सगळं शहर धरशील तर काहीच कळायचं नाही.

एकेका घराला एकेक ओळ. प्लॉट किती बाय किती, तोंड कुठल्या दिशेला, समोरचा रस्ता किती मीटरचा, बांधकाम कोणत्या सालचं, कागद कुठला, पाणी कुठलं आणि मालकानं काय सांगितलं. खरं काम पुढं आहे. महिन्याने त्याच घराची पुन्हा चौकशी कर. समज, 30 बाय 40 च्या घराचे आधी 48 लाख सांगितले, दिवाळीनंतर 45 वर आले, संक्रांतीला पाटी उतरली आणि शेजारी म्हणाला, 41 ला गेलं. तीनही आकडे तारखेसकट लिही. अशा पंधरा-वीस ओळी झाल्या की त्या वस्तीत सांगितलेल्या आणि झालेल्या भावात किती अंतर असतं ते तुझं तुलाच कळेल. मग दलाल "अहो, इथं याच्या खाली काहीच नाही" म्हणाला तरी तू घाबरणार नाहीस.

झालेला भाव कागदावर असतो

नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चची मोफत सोय आहे. जिल्हा, गाव, वर्ष आणि गट नंबर किंवा मालमत्ता क्रमांक टाकला की सूची क्रमांक 2 दिसते. आम्ही तिला इंडेक्स टू म्हणतो. तिच्यात वरच दोन आकडे असतात, मोबदला आणि बाजारभाव. मोबदला म्हणजे दस्तात लिहिलेली किंमत. बाजारभाव म्हणजे सरकारी दरतक्त्यानुसार, म्हणजे रेडीरेकनरनं निघणारी. दोन्हींत जी जास्त, तिच्यावर मुद्रांक शुल्क लागतं. खाली क्षेत्रफळ, देणाऱ्या-घेणाऱ्याची नावं आणि दस्ताची तारीख.

पण हे वाचायलाही नजर लागते. मोबदला बाजारभावाला अगदी चिकटून असेल तर काही रक्कम कागदाबाहेर गेली असावी, असं आम्ही मनाशी धरायचो. म्हणून इंडेक्स टूमधला मोबदल्याचा आकडा हा तळ धर. त्याच्या खाली मालक सहसा उतरणार नाही. मालकाचा पहिला आकडा हे छप्पर. खरा सौदा मधल्या जागेत होतो आणि ती जागा तुझ्या वहीत सापडते. रेडीरेकनरचे दर बदलले तर 1 एप्रिलपासून लागू होतात, म्हणून मार्चअखेरीला रजिस्ट्रीत उभं राहायला जागा नसते. त्या घाईत तू सापडू नकोस.

पाटी लागायच्या आधी

"घर विकणे आहे" ही पाटी लागते तोवर घर चार जणांनी बघून सोडलेलं असतं. त्याआधीची खबर लागते ती वस्तीतल्या किराणा दुकानात, मेडिकलवाल्याकडं आणि इस्त्रीवाल्याकडं. कोणाची बदली झाली, कोण निवृत्त होऊन पुण्याला पोराकडं चाललंय, कोणा भावाभावांच्या वाटण्या झाल्या, हे त्यांना आधी कळतं. संध्याकाळी तिथं चहा पी, दोन शब्द बोल.

दुसरी जागा पेपरातली. लोक बातम्या वाचतात, तू आतल्या पानावरची जाहीर प्रगटनं वाच. प्रजावाणी, एकमत किंवा मोठ्या पेपरांच्या जिल्हा आवृत्त्या यांत वकिलाच्या नावानं चौकट येते. अमुक गट नंबर, अमुक चतुःसीमा, माझे पक्षकार खरेदी करत आहेत, कोणाची हरकत असल्यास इतक्या दिवसांत कळवावी. कुठल्या भागात माल हलतोय ते या चौकटी सांगतात. त्याच पानावर बँकांच्या ताब्याच्या आणि लिलावाच्या नोटिसा असतात. लिलावाचं घर स्वस्त दिसतं, पण आत राहणारा माणूस कोण आणि प्रत्यक्ष ताबा बँकेकडं आहे की नुसता प्रतीकात्मक, हे बघितल्याशिवाय अनामत भरू नकोस.

तिसरी जागा म्हणजे भूमी अभिलेखाच्या संकेतस्थळावरची 'आपली चावडी'. शहराला लागून असलेल्या गावांत जमिनीचा फेरफार पडला की नोटीस तिथं दिसते. म्हाडाच्या छत्रपती संभाजीनगर मंडळाच्या सोडतीवरही लक्ष ठेव, नांदेड-लातूर त्याच मंडळात येतात.

दलाल टाळू नकोस. चांगला दलाल दहा फेऱ्या वाचवतो. फक्त कमिशन किती, कोणाकडून आणि कधी, हे पहिल्याच दिवशी बोलून घे. दोन्हीकडून घेणार असेल तर तो तुझा माणूस नव्हे, सौद्याचा माणूस आहे, एवढं लक्षात असू दे.

लातूरचं घर मे महिन्यात बघ, नांदेडचं भर पावसाळ्यात

सगळ्यांत कामाचा कानमंत्र हाच. दिवाळीत रंगवलेलं घर सगळ्यांनाच आवडतं.

लातूरचा प्रश्न पाण्याचा. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते गाव आहे हे. मांजरा धरण भरलं की लोक विसरतात, तू विसरू नकोस. मे महिन्यात दुपारी जा आणि बोअर चालू करायला सांग. पाच मिनिटं नको, अर्धा तास चालू दे. धार तुटते का बघ. नळाला कितव्या दिवशी पाणी येतं ते मालकाला विचारू नकोस, शेजारच्या बाईला विचार. गच्चीवर किती टाक्या आहेत ते मोज. टाक्या जास्त तर टंचाईही जास्त.

मे महिन्यात आणखी एक गोष्ट उघडी पडते. लातूरची निम्मी घरं ट्यूशनच्या पोरांवर चालतात. खाली मालक, वर खोल्या. विकणारा सांगतो, भाडं इतकं आणि त्याला बाराने गुण. पण मेच्या सुरुवातीला 'नीट'ची परीक्षा झाली की पोरं गाद्या गुंडाळून गावी जातात आणि नवी येईस्तोवर खोल्या रिकाम्या. म्हणून दहाने गुण. त्यातून रंगरंगोटी, मोटार आणि टँकर वजा कर. उरेल त्याच्यावर घराची किंमत ठरव.

नांदेडचा प्रश्न उलटा. विष्णुपुरीचा बंधारा शहराच्या वरच्या अंगाला आहे. जायकवाडी, माजलगाव आणि पूर्णेचं पाणी एकत्र आलं की दरवाजे उघडतात आणि नावघाट, खडकपुरा, देगलूर नाका या सखल भागांत धावपळ सुरू होते. 2006 चा पूर आठवणारी माणसं अजून आहेत, त्यांना विचार पाणी कुठवर आलं होतं. ते भिंतीवर हात ठेवून दाखवतील. नदीच्या अंगाला घर असेल तर निळ्या आणि लाल पूररेषेचा नकाशा महापालिकेत किंवा पाटबंधारे खात्यात बघ. निळ्या रेषेच्या आत असेल तर कितीही स्वस्त मिळो, माघारी फिर.

घासाघीस मात्र पितृपंधरवड्यात कर. त्या दिवसांत गिऱ्हाईक नसतं आणि गरजू मालक मऊ असतो. दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीयेला तोच माणूस ताठ होतो. सोयाबीनचंही गणित ध्यानात ठेव. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आडतीवर माल जातो, भाव बरा लागला तर शेतकरी पोराच्या शिक्षणासाठी लातुरात प्लॉट बघायला येतो. भाव पडला त्या वर्षी हेच प्लॉट पडून राहतात.

अफवेचा भाव देऊ नकोस

लातूरजवळ हरंगुळला रेल्वे डब्यांच्या कारखान्याचं 2018 मध्ये भूमिपूजन झालं, तेव्हा आसपासची माळरानं सोन्याच्या भावानं सांगितली जाऊ लागली. विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला, हा वाद 2009 पासून चालू आहे. निवडणूक आली की दोन्हीकडचे प्लॉटवाले तोच वाद भावात घालतात. आता शक्तिपीठ महामार्गाची रेषा दाखवतात. गुरु-ता-गद्दीच्या 2008 च्या सोहळ्यासाठी नांदेडचे रस्ते-पूल झाले, ते सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं. तसं जे उभं राहिलंय त्याचा भाव दे. जे येणार आहे त्याचा भाव विकणाऱ्यालाच खुशाल कमवू दे.

कागद

आपण निजामाच्या राज्यातले. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत इथला महसूल निजामाचा होता, म्हणून इथल्या जमिनीच्या पोटात अशा गोष्टी निघतात ज्या पुण्याच्या वकिलालाही चटकन कळत नाहीत. इनाम, मदतमाश, देवस्थान, वक्फ. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग 2' दिसलं की थांब. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती जमीन हलत नाही. 1954-55 चं खासरा पत्रक काढून तेव्हा नाव कोणाचं होतं ते बघ. 30 वर्षांचा शोध घ्यायचा तर वकील इथलाच, जुने कागद हाताळलेला असावा.

महापालिकेचा नमुना नंबर 43 किंवा ग्रामपंचायतीचा नमुना 8 दाखवून "हे बघा मालकीचा कागद" म्हणतील. ते कराचे उतारे आहेत, कर भरला म्हणून कोणी मालक होत नाही. एनए आदेश, मंजूर ले-आउट, बांधकाम परवाना आणि मागची खरेदीखतं मागून घे. सिडकोतलं घर असेल तर हस्तांतरणाला सिडकोची परवानगी लागते, तो खर्च कोण देणार ते आधी ठरव. एक-दोन गुंठ्यांचा नोटरीच्या बॉन्डवरचा प्लॉट कोणी दाखवला तर हात जोड. गुंठेवारीचा कायदा 2001 चा, नंतर सवलती वाढल्या, पण तुझा प्लॉट नियमित झालेला आहे का, याचा कागद हातात हवा. नवीन इमारतीतला फ्लॅट असेल तर महारेराचा नंबर टाकून बघ. जागा 500 चौरस मीटरच्या वर किंवा फ्लॅट आठाच्या वर असतील तर नोंदणी सक्तीची आहे.

आणि एक फुकटचा उपाय. कर्ज घ्यायचं नसलं तरी कागद बँकेत दाखव. बँकेचा वकील नाही म्हणाला तर तूही नाही म्हण.

भिंत

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळलं. लातूरच्या जुन्या भागात तशा भिंतींवर नुसता नवा गिलावा करून विकायला काढलेली घरं अजून दिसतात. भिंतीची जाडी मोज, दीड-दोन फुटांची निघाली तर ती दगडमातीची समज. आरसीसी कॉलम आहेत की नाहीत, हे इंजिनिअरला नेऊन बघ. त्याची फी ही घराच्या किमतीतली सगळ्यांत स्वस्त रक्कम.

पैसा

20,000 रुपये किंवा त्याहून जास्त इसार रोखीत घेणं कायद्याला मान्य नाही, म्हणून चेकनंच दे. नुसत्या इसारपावतीवर महिनोन्‌महिने बसू नकोस, साठेखत नोंदवून घे. खरेदीखत सूनबाईच्या एकटीच्या नावानं केलंस तर राहत्या घराच्या मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. 40 लाखांच्या घराला 40,000 रुपये वाचतात आणि घरही तिच्या नावावर राहतं. नोंदणी फी 1 टक्का, जास्तीत जास्त 30,000. 50 लाख किंवा त्याहून मोठा सौदा असेल तर 1 टक्का टीडीएस कापून सरकारात भरायची जबाबदारी तुझी.

"आज सही नाही केली तर उद्या घर जाईल" असं म्हणणारा भेटेलच. जाऊ दे. नांदेड-लातुरात दर महिन्याला घरं विकायला निघतात. वर्षभर वही लिहिलेल्या माणसाला दुसरं घर मिळतं. फसलेल्या सौद्याचे पैसे मात्र कोर्टाच्या पायऱ्या झिजवूनही लवकर हाती येत नाहीत. तेव्हा वही आजच घाल, इसाराचं पुढच्या वर्षी बोलू.