माइनिंगचं कार्ड घ्यायचं असेल तर

बाळा, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जुनं ग्राफिक्स कार्ड बघायला गेलास की पहिला प्रश्न ‘क्रिप्टो माइनिंगचं आहे का?’ हा विचारूच नकोस. दुकानदार ‘नाही’ म्हणणार, आणि त्यानं तुला काहीच कळणार नाही. ‘कसं चालवलं?’ हे विचार. नाहीतर कार्डालाच विचार, ते खोटं बोलत नाही.

चिप सहसा झिजलेली नसते. तिच्यात हलणारं काही नाही. आणि ज्याला वीजबिल भरून नफा काढायचा होता, तो कार्ड पूर्ण ताकदीनं पळवत नव्हताच. आरटीएक्स ३०८० ची मर्यादा ३२० वॉटची, पण जाणता माइनर व्होल्टेज उतरवून सव्वादोनशे-अडीचशेत भागवायचा. तापमानही रात्रंदिवस एकसारखं. गेम खेळणाऱ्याचं कार्ड तापतं, निवतं, पुन्हा तापतं. त्या आकुंचन-प्रसरणाचा ताण चिपखालच्या सोल्डरला सोसावा लागतो. म्हणून ‘फक्त गेमिंगला वापरलंय’ हे ऐकून भुलू नकोस.

पंखे मात्र झिजतात. वर्षाचे तास ८,७६०. रोज तीन तास खेळणाऱ्याचा पंखा तेवढे तास फिरायला आठ वर्षं घेतो. माइनरचा एका वर्षात फिरतो. बेअरिंगमधलं तेल सुकतं आणि घरघर सुरू होते. कार्ड बंद असताना पाती बोटानं हलकेच फिरव, दांडीवर डगमगतात का बघ. मग चालू करून कान लाव. नुसता पंखा गेला असेल तर तो बदलता येतो, त्यासाठी चांगलं कार्ड सोडू नकोस. भाव मात्र तेवढा उतरव. साफ करताना ब्लोअरच्या झोतानं पाती गरगर फिरू देऊ नकोस, बेअरिंग त्यानंच जातं. बोटानं धरून ठेव.

खरी मेख मेमरीत आहे. इथेरियमचं माइनिंग चिपपेक्षा मेमरीवरच जास्त भार टाकायचं. ३०८० आणि ३०९० मधली जीडीडीआर६एक्स मेमरी मुळातच तापट, त्यात ३०९० च्या निम्म्या मेमरी चिप पाठीमागे, तिथं थंडाव्याला जेमतेम एक पत्रा. मेमरी ११० अंशांवर गेली की कार्ड स्वतःच वेग कमी करतं, आणि लोकांनी तशीच महिनोन्‌महिने चालवली. हे एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये दिसतं: ‘मेमरी जंक्शन’चा आकडा बघ. चिप पासष्टवर आणि मेमरी एकशेपाचवर असेल तर मेमरीवरचे थर्मल पॅड सुकलेत. पॅड बदलता येतात, पण जुन्याच जाडीचे घे. जाड पॅड लावलास तर हीटसिंक चिपवर नीट बसत नाही आणि नवीनच दुखणं मागे लागतं. कडेनं तेलकट ओघळ दिसले तर घाबरू नकोस, पॅडमधलं सिलिकॉन पाझरलेलं असतं. बरीच उष्णता सोसलीय एवढंच ते सांगतं.

विकणारा फरमार्क ही चाचणी चालवून दाखवतो, आपण खूश होतो. अरे, ती चिपला दमवते, मेमरीला फारसा हात लावत नाही. तू ओसीसीटी या प्रोग्रामची मेमरी चाचणी अर्धा तास लाव. एकही चूक दिसली तर पैसे खिशातच ठेव, मग भाव कितीही पडो.

आरएक्स ५७०, ५८० घेत असशील तर आणखी एक. माइनरांनी यांचं बायोस बदलून मेमरीची गती वाढवलेली असते. ड्रायव्हर बसत नाही, गेम मध्येच कोसळतो, आणि माणूस कार्डच मेलं समजतो. मूळ बायोस परत टाकलं की बहुतेकदा ते सुतासारखं सरळ होतं.

धुऊन लख्ख केलेल्या जुन्या कार्डाचा संशय धर. धूळ लपत नाही म्हणून धुळकट परवडलं. समुद्राकाठच्या शेडमध्ये राहिलेल्या कार्डाच्या पट्टीवर, स्क्रूंवर गंज असतो. तसलं घेऊ नकोस, खारी हवा आत कुठवर पोचली ते बाहेरून कळत नाही.

इथेरियमनं १५ सप्टेंबर २०२२ ला माइनिंग बंदच केलं. आरटीएक्स ४० सिरीजची कार्डं त्यानंतर बाजारात आली, तेव्हा त्यांच्या बाबतीत ही चौकशी फार ताणू नकोस. आणि सीएमपी लिहिलेलं काही कुणी फुकटात द्यायला लागला तर आधी मागची बाजू बघ. ते खास माइनिंगसाठी बनलेलं, मॉनिटरची वायर लावायला त्याला जागाच नसते.