परत द्यायचे पैसे आपले कसे?



ग्रंथालयासाठी अनामत रक्कम घेण्याची पद्धत अनेक शाळांत आहे. विद्यार्थी शाळा सोडतो तेव्हा ती त्याला परत करावी लागते. याउलट एखादा माजी विद्यार्थी संस्थेच्या कायम निधीला देणगी देतो, ती परत करायची नसते. दोन्ही रकमा बँकेच्या एकाच खात्यात असल्या, तरी ताळेबंदात देणगी निधीत जाते आणि अनामत देण्यांत जाते. एवढा फरक ध्यानात ठेवला, की वाणिज्य शाखेतील एक अवघड वाटणारा विषय सोपा होतो. तो विषय म्हणजे परतफेडीचे अग्रहक्क भाग. आपल्या हिंदी पाठ्यपुस्तकांत यांनाच ‘शोध्य पूर्वाधिकार अंश’ म्हणतात.

अग्रहक्क कशाचा?

या भागधारकांना ठरलेल्या दराने लाभांश मिळतो आणि तो सामान्य भागधारकांच्या आधी मिळतो. कंपनी बंद झाली, तर भांडवलही त्यांना सामान्य भागधारकांच्या आधी परत मिळते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ५५ नुसार कधीही परत न करण्याचे अग्रहक्क भाग काढता येत नाहीत. पायाभूत प्रकल्पांचा अपवाद सोडला, तर २० वर्षांच्या आत ते फेडावेच लागतात.

गुंतवणूकदाराची शंका

समजा, एका कंपनीचे सामान्य भागभांडवल ४० लाख, राखीव निधी २० लाख, परतफेडीचे अग्रहक्क भाग ३० लाख आणि बँकेचे कर्ज ३० लाख रुपये आहे. अग्रहक्क भाग भांडवलात धरले, तर स्वतःचा निधी ९० लाख आणि कर्ज ३० लाख होते. म्हणजे स्वतःच्या रुपयामागे ३३ पैसे कर्ज. तेच भाग देण्यांत धरले, तर निधी ६० लाख आणि देणे ६० लाख, म्हणजे रुपयामागे पूर्ण एक रुपया! कंपनी तीच आणि पैसाही तोच, पण चित्र पार बदलले. म्हणून जाणकार गुंतवणूकदार विचारतो, “जे पैसे ठरल्या तारखेला परत करायचे आहेत, ते तुम्ही आपले कसे म्हणता?”

नफ्याचेही तसेच आहे. वरील भागांवर १० टक्के, म्हणजे ३ लाख रुपये लाभांश द्यायचा आहे आणि त्याआधीचा नफा ६ लाख आहे असे धरू. पहिल्या पद्धतीत नफा ६ लाख दिसतो आणि लाभांश त्याची वाटणी ठरतो. दुसऱ्या पद्धतीत लाभांश व्याजासारखा खर्च ठरतो व नफा ३ लाख दिसतो. सामान्य भागधारकांच्या वाट्याला मात्र दोन्हीकडे ३ लाखच येतात.

एक खरे उदाहरण

झी एंटरटेनमेंट या मुंबईच्या कंपनीने २०१४ साली प्रत्येक सामान्य भागामागे १ रुपयाचे २१ अग्रहक्क भाग बोनस म्हणून दिले. त्यांवर ६ टक्के लाभांश होता. ही रक्कम सुमारे २,०१७ कोटी रुपये होती आणि सामान्य भागभांडवल जेमतेम ९६ कोटी! बोनस असल्यामुळे कंपनीकडे नवा पैसा आला नव्हता, पण फेडताना मात्र रोख रक्कम द्यावी लागणार होती. त्या वेळच्या पद्धतीप्रमाणे हे भाग भांडवलात दिसले. २०१६-१७ पासून मोठ्या कंपन्यांना नवी लेखामानके लागू झाली. त्यांतील इंड एएस ३२ सांगते की नाव काहीही असो, व्यवहाराचे खरे स्वरूप पाहा. परतफेड बंधनकारक असेल, तर ते देणे आहे. त्याप्रमाणे हेच भाग देण्यांत गेले. पुढे २०१८ ते २०२२ या काळात ते दरवर्षी एक पंचमांश याप्रमाणे फेडले गेले.

ही मानके लागू नसलेल्या लहान कंपन्यांत असे भाग आजही भागभांडवलातच दाखवले जातात. म्हणून ही शंका अजून जुनी झालेली नाही.

पालकांसाठी दोन शब्द

‘देणे’ म्हटले म्हणून हे भाग मुदत ठेवीइतके सुरक्षित समजू नयेत. कलम ५५ नुसार परतफेड लाभांशयोग्य नफ्यातून किंवा त्यासाठीच काढलेल्या नव्या भागांच्या रकमेतूनच करता येते. ही दोन्ही साधने नसतील, तर तारीख उलटूनही पैसे अडकू शकतात. कंपनी बुडाली, तर बँका व इतर धनको आधी आणि अग्रहक्क भागधारक त्यांच्यानंतर. बँकेतील ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, या भागांना ते नाही. तेव्हा केवळ जास्त दर पाहून आयुष्यभराची पुंजी यांत घालू नये. वार्षिक अहवालातील भागभांडवलाची टीप आधी वाचावी आणि परतफेडीची तारीख व कंपनीचा नफा पाहावा. विश्वस्त मंडळींनीही आपला ताळेबंद वाचताना प्रत्येक रकमेपुढे विचारावे : ही परत करायची आहे का?

स्वाध्याय

सामान्य भागभांडवल ५० लाख, राखीव निधी १० लाख, परतफेडीचे अग्रहक्क भाग २० लाख, कर्ज २० लाख. दोन्ही पद्धतींनी कर्ज व स्वनिधी यांचे प्रमाण काढा. तुम्ही बँकेचे अधिकारी असता, तर कर्ज देताना कोणते प्रमाण धरले असते? कारण चार ओळींत लिहा आणि वही वर्गशिक्षकांना दाखवा.

— मुख्याध्यापक