पोटात गेलेली दोन चुंबकं



मुलाने नाणं गिळलं की काय करायचं, हे आपल्या वस्तीतल्या बहुतेक आयांना पाठ असतं. केळी खाऊ घालायची आणि दोन-तीन दिवस शौचावर लक्ष ठेवायचं. नाणं घशात न अडकता पोटात उतरलेलं असेल, तर बहुतेक वेळा ते आपोआप पडतं. म्हणूनच हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या टिकला. आज आम्ही ज्या वस्तूबद्दल लिहीत आहोत, तिला मात्र हा उपाय लावला तर मूल हातचं जाऊ शकतं. ती वस्तू म्हणजे ज्वारीच्या किंवा हरभऱ्याच्या दाण्याएवढं चुंबक.

चुंबक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर स्पीकरच्या मागचं काळं कडं येतं किंवा कंपासपेटीच्या झाकणाची पट्टी येते. ती जुनी, साधी चुंबकं. १९८० नंतरच्या दशकात निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन मिळून केलेलं नवं चुंबक निघालं. ते चंदेरी, चकचकीत असतं आणि जुन्या चुंबकाच्या कितीतरी पट जोरदार असतं. जोर वाढला तसा आकार लहान करता आला, आणि लहान झालं म्हणून ते खेळण्यात, दागिन्यात, मोबाइलमध्ये, कानातल्या इअरफोनमध्ये सगळीकडे गेलं. एक साधी पारख सांगतो. दोन चुंबकं आपल्या करंगळीच्या पेराच्या दोन बाजूंना लावून बघा. बोट मध्ये असूनही ती एकमेकांना धरून राहिली, तर ती पोटातही तेच करणार.

आता पोटात काय होतं ते नीट समजून घेऊ, कारण हे समजलं की पुढचं सगळं आपोआप समजतं. ज्यांच्या घरी वजडी होते, त्यांनी बकऱ्याची आतडी धुताना पाहिलं असेल की आतड्याची भिंत किती पातळ असते. बोटाने जरा जास्त ओढलं तरी फाटते. लहान मुलाचं आतडंही तसंच नाजूक, आणि ते पोटात वेटोळं घालून एकावर एक पडलेलं असतं. मुलाने एकच चुंबक गिळलं तर ते नाण्यासारखं पडून जाण्याची शक्यता असते. पण एक चुंबक सकाळी गिळलं आणि दुसरं दुपारी, तर पहिलं पुढच्या वेटोळ्यात असतं आणि दुसरं मागच्या. दोघं एकमेकांना ओढतात आणि आतड्याच्या दोन भिंती मध्ये चिमटल्या जातात. कपडे वाळत घालताना चिमटा लावतो तसाच, फक्त हा चिमटा आपणहून सुटत नाही. चिमटलेल्या जागी रक्त पोचत नाही, काही तासांत जखम होते, मग तिथलं मांस मरतं आणि भोक पडतं. आतड्यातली घाण पोटाच्या पोकळीत पसरते. कधी आतड्याला पीळ पडतो. चुंबक एकच असेल पण सोबत लोखंडी छर्रा किंवा खिळा गिळलेला असेल, तरी हेच होतं.

हे आम्ही पुस्तकातून काढून भीती घालायला सांगत नाही. २००५ साली अमेरिकेत २० महिन्यांच्या एका मुलाचा जीव असाच गेला. घरात मोठ्या भावंडाचा चुंबकाने जोडून घरं-मनोरे बांधायचा खेळ होता. प्लास्टिकच्या तुकड्यांतली बारीक चुंबकं निघून पडली आणि रांगत्या-चालत्या मुलाने ती गिळली. त्याच्या आतड्याला पीळ पडला. पुढच्या वर्षी, २००६ मध्ये, त्या खेळाचे सुमारे ३८ लाख संच परत मागवण्यात आले. तोपर्यंत आणखी काही मुलांच्या आतड्यांना भोकं पडली होती, आणि ती मुलं तीन ते आठ वर्षांची होती. म्हणजे फक्त तान्ह्यांची गोष्ट नाही.

मोठ्या मुलामुलींचं तर वेगळंच असतं. इंग्लंडमध्ये २०२१ साली मोबाइलवरच्या व्हिडिओंमधून एक खूळ पसरलं. जिभेच्या वर एक आणि खाली एक अशी चुंबकाची गोळी लावायची, म्हणजे जीभ टोचल्यासारखी दिसते. हसताना, बोलताना गोळ्या आत जातात. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने तेव्हा सांगितलं की मागच्या तीन वर्षांत किमान ६५ मुलांना चुंबक गिळल्यामुळे तातडीच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल करावं लागलं. आपल्याकडे हे खूळ नसलं तरी न टोचता लावायची चुंबकाची चमकी आणि कानातली बाजारात मिळतात. चमकीचा एक भाग नाकाच्या बाहेर असतो, एक आत. आतला भाग श्वासाबरोबर मागे ओढला गेला की घशात. दोन नाकपुड्यांत दोन चुंबकं अडकली तर मधला पडदा चिमटून त्यालाही भोक पडतं. हौस म्हणून मुलीला हे घेऊन देत असाल, तर खरंच नका घेऊ.

घरात ही चुंबकं कुठे कुठे असतात? फ्रिजवर चिकटवायची फळं आणि अक्षरं, गळ टाकून मासे पकडायचा खेळ, प्रवासातलं बुद्धिबळ, चुंबकी ठोकळे. ताण घालवायला म्हणून मोठ्यांसाठी विकले जाणारे बारीक गोळ्यांचे संच सगळ्यात वाईट. एका संचात दोनशेच्या वर गोळ्या असतात, त्यातली एक-दोन हरवली तर कोण मोजतंय? जयंतीला खिशावर लावायचे काही बॅज पिनेऐवजी चुंबकाने बसतात, तेही यात धरा. आणि आपल्यापैकी ज्यांच्या घरी भंगार निवडण्याचं काम चालतं, त्यांच्यासाठी हे विशेष सांगणं: मोडका इअरफोन, मोबाइल, खेळणी फोडताना जी चकचकीत चकती किंवा गोळी निघते, ती झाकणाच्या डब्यात टाका. आजूबाजूला बसलेलं मूल ती उचलणारच.

चुंबक पोटात गेल्यावर पहिल्या दिवशी मूल हसत-खेळत असू शकतं, आणि इथेच घात होतो. नंतर पोट दुखतं, उलट्या होतात, ताप येतो. आपण म्हणतो बाहेरचं खाल्लं असेल, दवाखान्यातही उलटीचं औषध मिळतं, आणि दोन दिवस निघून जातात. म्हणून संशय आला तरी पुरे, दुखण्याची वाट बघू नका. मुलाला मारू नका, रागावू नका. मार पडेल या भीतीने मूल 'नाही गिळलं' म्हणतं, आणि तिथे खरी माहिती बुडते. उलटी करवू नका. केळी, भात, जुलाबाचं औषध, काहीही देऊ नका, पाणीसुद्धा नाही, कारण दुर्बीण घालायची तर भूल द्यावी लागते आणि त्यासाठी पोट रिकामं लागतं. उरलेली चुंबकं किंवा खेळण्याचा तुकडा सोबत घ्या आणि थेट मोठ्या रुग्णालयात जा. मुंबईत सायन, केईएम, नायर, वाडिया, पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल, छत्रपती संभाजीनगरात घाटी. गावाकडे असाल तर १०८ ला फोन करा. रेशनकार्ड आणि आधार घेऊन निघा. जिथे महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू आहे, तिथे आरोग्यमित्राच्या टेबलावर विचारा.

तिथे गेल्यावर 'पोट दुखतंय' एवढंच सांगू नका. 'चुंबक गिळलंय, एकापेक्षा जास्त असू शकतात' हेच शब्द सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. एक्स-रे समोरून आणि बाजूनेही काढावा लागतो, कारण दोन चिकटलेली चुंबकं समोरून एकच दिसू शकतात. एमआरआय मात्र अजिबात नाही. ते यंत्र स्वतःच प्रचंड चुंबक आहे. गर्दीच्या कॅज्युअल्टीत कुणी दमलेला माणूस 'पडून जाईल, घेऊन जा' म्हणाला, तर शांतपणे म्हणा की डॉक्टरसाहेब, नाणं नाही, चुंबक आहे, सर्जनना दाखवायचंय. आपल्या बायकांना मोठ्या दवाखान्यात असं बोलायला जड जातं, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी बोलायचं. सोबत वस्तीतली एखादी शिकलेली मुलगी किंवा आशाताई असली तर उत्तम. चुंबकं जठरात असतील तोवर दुर्बिणीने काढता येतात, पुढे सरकली तर काही तासांनी पुन्हा एक्स-रे काढत राहतात आणि वेळ आली तर पोट उघडावं लागतं. उशिराचा हाच फरक असतो. एकच चुंबक आहे असं डॉक्टरांनी खात्रीने सांगून घरी पाठवलं, तर ते पडेपर्यंत मुलाला लोखंडी बक्कलचा पट्टा, धातूची बटणं असलेले कपडे घालू नका, आणि घरातली बाकी चुंबकं दूर ठेवा.

कायद्याचं थोडक्यात. भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, आणि त्यासाठीच्या मानकात चुंबकाचे नियमही आहेत. चिन्हाजवळ छापलेला परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपवर तपासता येतो. आठवडी बाजारातल्या वीस रुपयांच्या खेळण्यावर ते चिन्ह बहुधा नसतं. विकणारा आपल्यातलाच, त्याच्याशी भांडून उपयोग नाही. आपण चुंबकाचं खेळणं तेवढं सोडून दुसरं घ्यावं. आणि मोठ्यांची वस्तू म्हणून विकलेल्या गोळ्यांना खेळण्याचा कायदा लागतोच असं नाही, हीच सगळीकडे पळवाट झाली. अमेरिकेत २०१४ साली या गोळ्यांवर नियम झाला, २०१६ मध्ये कोर्टाने तो रद्द केला, आणि त्यानंतर तिथल्या विषबाधा केंद्रांकडे चुंबक गिळल्याचे फोन वाढले. २०२२ मध्ये पुन्हा नियम करावा लागला.

रविवारी विहारात महिला मंडळ जमेल तेव्हा दोन चुंबकं आणि ओल्या कापडाची घडी घेऊन हे सगळ्यांना करून दाखवता येईल. त्याच दिवशी घरी गेल्यावर खेळण्यांची टोपली उपडी करा. ज्या तुकड्याचं प्लास्टिक चिरलंय, ज्यातलं चुंबक हलतंय किंवा निघालंय, तो बाजूला काढा. निघालेली सगळी चुंबकं पत्र्याच्या एका तुकड्याला चिकटवा, वरून चिकटपट्टी गुंडाळा आणि मग भंगारात द्या.