सिनॉप्सिस देण्याआधी

अगं, एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधाला फेनॉमेनॉलॉजी, म्हणजे माणसाचा अनुभव त्याच्याच बोलण्यातून समजून घेण्याची पद्धत, घेणार म्हणालीस, मला फार आनंद झाला. 'एवढ्याशा पेशंटवर प्रबंध कसा होईल?' असं कुणी ना कुणी विचारेलच. तेव्हा नर्सिंग संशोधक शेरिल टाटानो बेक यांचं नाव घे. बाळंतपणानंतरच्या नैराश्यावरचा त्यांचा १९९२चा अभ्यास अवघ्या ७ आयांच्या बोलण्यावर उभा आहे. त्याच नैराश्याच्या स्क्रीनिंगची त्यांची प्रश्नावली २००० साली आली, म्हणजे आधी ऐकणं झालं, मोजमाप नंतर.

पद्धत मात्र नीट ठरव. तत्त्वज्ञ हुसर्ल म्हणतो, अनुभवाकडे बघताना आधीचं ज्ञान तात्पुरतं बाजूला ठेवा. हायडेगरच्या मते ते पुरतं बाजूला ठेवताच येत नाही. मुलाखतींच्या विश्लेषणाच्या पद्धतींपैकी कोलायझीच्या पायऱ्या पहिल्या वाटेवरच्या, व्हॅन मानेन दुसऱ्या वाटेकडे झुकलेला. दोन्हींची खिचडी केलीस तर व्हायवात तिथेच अडकशील. कुठलीही वाट धर, पण मुलाखतीच्या आदल्या रात्री वही घेऊन बस. तुझ्या विषयाबद्दल, म्हणजे स्किझोफ्रेनियाबद्दल, तुला काय माहीत आहे, कशाची भीती वाटते, कुठल्या पेशंटचा राग येतो, सगळं खरं खरं लिहून काढ.

आणि युनिफॉर्ममध्ये मुलाखत घेऊ नकोस गं. रोज गोळ्या देणारी सिस्टर समोर बसली की पेशंट 'आता बरं आहे' एवढंच म्हणतो, त्याला डिस्चार्ज हवा असतो. जमलं तर दुसऱ्या वॉर्डातले पेशंट घे. 'आवाज कमी झाले का?' हा राऊंडचा प्रश्न झाला. तू विचार, 'परवा आवाज आला तेव्हा तुम्ही कुठे होतात? काय करत होतात?' मग तो सांगेल की मी जेवत होतो, घास हातातच राहिला, समोरच्यालाही ऐकू आलं का म्हणून त्याच्या तोंडाकडे बघत बसलो. 'श्रवणभ्रम आहेत' अशी नोंद केसपेपरवर असतेच, हा घास तिथे कुठेच नसतो. आपल्याला तोच हवाय. पेशंट गप्प झाला तर तूही गप्प राहा. लगेच पुढचा प्रश्न टाकू नकोस.

एक गोष्ट मी हात धरून सांगते. जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल कुणी बोललं, तर रेकॉर्डर बंद कर आणि लगेच डॉक्टरांना कळव. संशोधन नंतर, आधी तू नर्स आहेस. असं कळवावं लागेल हे संमती घेतानाच पेशंटना स्पष्ट सांग, म्हणजे विश्वासघात झाला असं वाटणार नाही.

शेवटी तू जे लिहिशील ते त्याच पेशंटला वाचून दाखव. कोलायझीची शेवटची पायरी हीच, हुसर्लच्याच वाटेवरच्या जिऑर्जीला मात्र ती मान्य नाही. माझं मत कोलायझीच्या बाजूने. तोवर बरेचजण घरी गेलेले असतील, म्हणून पुन्हा भेटायची परवानगी आणि फोन नंबर संमतीपत्रातच घेऊन ठेव.